११२ लावता येतं, पत्ता सांगता येत नाही

आज चौथीच्या मुलांसोबत आणीबाणीच्या फोनची तालीम घेतली. ११२ सगळ्यांना पाठ. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी हा एकच नंबर. गाडी अडते पत्त्यावर. "कुठून बोलतोयस?" "घरून." आईचं नाव विचारलं तर "मम्मी"!

म्हणून क्रम उलटा शिकवायचा: आधी ठिकाण, मग काय झालं, शेवटी स्वतःचं नाव. कारण फोन मध्येच तुटला तरी पत्ता पोचलेला असतो. इमारत, विंग, मजला, आणि रिक्षावाल्याला सांगतो तशी जवळची खूण. मोबाईलवरून जागा अंदाजे कळते, मजला कळत नाही. मग स्पीकर लावायचा आणि समोरचे सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

दुसरी अडचण लॉकची. आजी पडली, तिच्या मोबाईलचा पॅटर्न नातवाला माहीत नाही. लॉक न उघडता पॅटर्नच्या पडद्यावरच खाली 'इमर्जन्सी' किंवा 'आपत्कालीन' लिहिलेलं असतं. ते दाबून ११२. घरातल्या प्रत्येक फोनवर ते नेमकं कुठे आहे, हे मुलाला बोट ठेवून दाखवा.

सराव मात्र खऱ्या फोनवर नको. विमान मोड लावला तरी ११२ लागू शकतो. पुठ्ठ्यावर आकडे काढा, पलीकडचा आवाज तुम्ही व्हा. चुकून लागलाच तर घाबरून कट करू नये, "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगावं.

अनोळखी माणसाने ओटीपी मागितला, फोटो मागितला, "घरी सांगू नकोस" म्हणाला, तर फोन ठेवून लगेच मोठ्यांना सांगायचं. घरातल्याच कुणाबद्दल सांगायचं असेल तर १०९८, चाइल्ड हेल्पलाइन. हा नंबर पालकांच्या सभेत सांगितला की थोडी चुळबुळ होते; तरी सांगतोच.