पंधरा दिवसांत घर सोडताना

करारात एक महिन्याची नोटीस लिहिलेली होती आणि माझ्या हातात जेमतेम पंधरा दिवस होते. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आईला एकटीला हे सगळं झेपणार नाही हे पहिल्या रात्रीच कळून चुकलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा ऑपरेशननंतर पेशंटला लवकर उठवून बसवायला हवं, वॉकर धरून चार पावलं का होईना चालवायला हवं, हे मी इतरांच्या घरच्यांना रोज सांगते. तेव्हा जायचं हे ठरलेलंच होतं. घरमालकांना काय आणि कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

सल्ले भरपूर मिळाले. एक मैत्रीण म्हणाली, सामान हलल्यावर सांग, आधी सांगितलंस तर कटकट करतील. दुसरी म्हणाली, डिपॉझिट आहेच की त्यांच्याकडे, शेवटचं भाडं देऊच नकोस, त्यातून वळतं करून घेऊ देत. दोघीही माझ्या काळजीनेच बोलत होत्या, पण मला दोन्ही पटलं नाही. डिपॉझिट असतं मोडतोड आणि थकलेल्या बिलांसाठी. ते भाड्यात संपवलं तर उद्या एखादी खिडकी फुटलेली निघाली की मालकांच्या हातात काहीच उरत नाही. शिवाय आमचे घरमालक निवृत्त आहेत, या भाड्यावर त्यांचं घर चालतं. घर रिकामं राहिलं की तेवढे दिवस त्यांचं उत्पन्न बंद. आपण एक दिवस उशिरा सांगितलं की नवा भाडेकरू शोधायला त्यांना एक दिवस कमी मिळतो. उलट त्यांनीच मला पंधरा दिवसांत घर खाली करायला सांगितलं असतं तर मी किती हवालदिल झाले असते!

म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. मेसेज मुद्दाम टाळला. अशी गोष्ट आधी आवाजातून कळावी असं मला वाटतं. "काका, बाबा पडलेत. मला घर सोडावं लागणार आहे, आणि महिनाभर आधी सांगणं मला जमत नाहीये. पण नोटीसचे जेवढे दिवस कमी पडतील त्यांचं भाडं मी देईन." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग आधी बाबांची चौकशी केली आणि नंतर म्हणाले, "बरं, तू लेखी पाठव. मी ब्रोकरला कळवतो." आवाजात नाराजी होती, आणि ती असणारच.

फोन ठेवल्यावर करार काढून शांतपणे वाचला. कमी मुदतीत निघणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच, कारण सगळा हिशेब तिथल्या एकेका वाक्यावर ठरतो. पहिलं म्हणजे लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर मध्येच सोडायचं नाही असं करारात ठरलेलं असतं तो काळ. तो काळ संपलेला नसेल तर नुसती नोटीस पुरत नाही, उरलेल्या महिन्यांचं काय करायचं ते मालकांशी बसून ठरवावं लागतं. माझा संपलेला होता. दुसरं, नोटीस 30 दिवसांची की पूर्ण कॅलेंडर महिन्याची? समजा 5 जूनला नोटीस दिली. 30 दिवस धरले तर मुदत 5 जुलैला संपते. पण पूर्ण महिना असं लिहिलेलं असेल तर जुलै अख्खा मोजला जाऊ शकतो. म्हणजे 19 जूनला चावी देणाऱ्याला एका हिशेबाने आणखी 16 दिवसांचं भाडं लागेल आणि दुसऱ्या हिशेबाने महिन्याहून जास्त. तिसरं, दिवस कधीपासून मोजायचे: नोटीस पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? मी ईमेल केला, छापील पत्रही नेऊन दिलं आणि त्याच्या प्रतीवर काकांची तारखेसकट सही घेतली.

पत्र लांबलचक नव्हतं. घराचा पत्ता, कराराची तारीख, नोटीसची तारीख, चावी देण्याची तारीख, आणि तोपर्यंतचं व उरलेल्या दिवसांचं भाडं मी देईन एवढंच. आजारपणाचं सविस्तर लिहिलं नाही, ते फोनवर बोलून झालं होतं. एक ओळ मात्र विचार करून घातली: नोटीसची मुदत संपण्याआधी नवीन भाडेकरू राहायला आला, तर तो आल्यापासूनच्या दिवसांचं भाडं मला परत मिळावं. एकाच घराचं एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेणं बरोबर नाही, हे मालकांनाही पटतं. फक्त ते आधी बोलायला हवं.

मग मी माझ्याकडून जे करता येईल ते केलं. घर दाखवायला संध्याकाळची वेळ ठरवून दिली, खोकी एका खोलीत रचली म्हणजे बाकीचं घर मोकळं दिसेल, आणि क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांनाही सांगून ठेवलं.

चावी देताना मी आणि काका प्रत्येक खोलीतून एकत्र फिरलो. विजेच्या मीटरचा फोटो दोघांच्या फोनमध्ये घेतला, किल्ल्यांचे जुडगे मोजले, नळ उघडून पाहिले. हॉलच्या भिंतीवर एक ओल दिसली आणि त्यांनी ती माझ्या खात्यावर धरली. मी राहायला आले तेव्हाचे फोटो दाखवले, त्यात ती ओल तिथेच होती. त्यांनी लगेच मान्य केलं. पडद्यांच्या दांड्यांसाठी पाडलेली भोकं मात्र माझीच होती, ती बुजवण्याचे पैसे डिपॉझिटमधून कापायला मी होकार दिला. किती कापले, बाकीचं डिपॉझिट कधी परत देणार, हे तिथेच कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

नवं कुटुंब माझी मुदत संपायच्या आधीच राहायला आलं. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतलं निघालं. काकांनी त्या दिवसांचं भाडं डिपॉझिटबरोबर परत पाठवलं, आणि मग फोन करून विचारलं, "बाबा जिना चढायला लागले का?"