तीनदा कामाला लावलेली वाफ

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आम्ही पाच दिवस होतो आणि त्यांतल्या चार दिवसांविषयी मला सांगण्यासारखे फारसे काही नाही. लाल पूल धुक्यातून अर्धाच दिसला, फिशरमन्स व्हार्फवरची गर्दी मला सोसवली नाही, आणि ज्या सहल कंपनीच्या गाडीतून फिरलो तिने प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांत परत बोलावले. पाचवा दिवस मात्र मी मुलीकडून मागून घेतला आणि तो 'जेरेमाया ओब्रायन' या दुसऱ्या महायुद्धातल्या मालवाहू आगबोटीच्या इंजिनघरात घालवला. महिन्यातल्या ठरावीक दिवशी हे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच त्याच्या इंजिनात वाफ सोडतात, हे मी येण्यापूर्वीच वाचून ठेवले होते.

माझी पस्तीस वर्षे साखर कारखान्यात, वाफेच्या सान्निध्यात गेली. म्हणून लोखंडी जिने उतरत खाली जाताना गरम तेलाचा वास आला, तेव्हा परक्या देशात असल्याची जाणीवच गेली. समोर सुमारे 19 फूट उंच इंजिन सावकाश फिरत होते. गोंगाट नव्हताच, क्रँक, म्हणजे दट्ट्यांच्या वरखाली हालचालीने गोल फिरणारा वाकडा दांडा, खाली येताना एक जड, दबका हुंकार आणि वर जाताना तेलाची चपचप, एवढेच ऐकू येत होते.

या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. पहिल्याचा व्यास साडेचोवीस इंच, दुसऱ्याचा 37 इंच आणि तिसऱ्याचा 70 इंच; दट्ट्याची धाव तिन्हींत 48 इंचच. बॉयलरमधून चौरस इंचाला सुमारे 220 पौंड दाबाने आलेली वाफ पहिल्या, लहान सिलिंडरात दट्ट्या ढकलते, तिथून दुसऱ्यात जाते, मग तिसऱ्यात, आणि शेवटी कंडेन्सरच्या निर्वातात जाऊन तिचे पाणी होते. दाब उतरतो तशी वाफ फुगते, म्हणून शेवटच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या आठपट ठेवावे लागले. हे सगळे काम एकाच सिलिंडरात केले असते तर बाहेर पडणाऱ्या थंड वाफेने त्याच्या भिंती दर फेरीला गार केल्या असत्या आणि मागून येणारी ताजी वाफ काम करण्याआधीच त्या भिंतींवर पाणी होऊन बसली असती. आमच्या कारखान्यात उसाचा रस आटवताना एका बॉडीतून, म्हणजे आटवण्याच्या बंद भांड्यातून, निघालेली बाष्पे पुढच्या बॉडीला उष्णता देत आणि शेवटची बॉडी निर्वातात चाले. तोच काटकसरीचा विचार इथे जहाज ढकलताना दिसला, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटले.

समुद्रावर ही काटकसर जीवनमरणाची होती, कारण जुन्या आगबोटींची पोटे कोळशानेच भरत आणि मालाला जागा उरत नसे. जहाजमालक आल्फ्रेड होल्ट यांच्या 'अगामेम्नॉन' या आगबोटीने 1866 मध्ये दोन टप्प्यांच्या इंजिनावर लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंतचे 8,500 मैल न थांबता गाठले. पुढे 1881 मध्ये पाण्यात उतरलेल्या 'अबर्डीन'वर अभियंते अलेक्झांडर कर्क यांनी 125 पौंड दाबाचे तीन टप्प्यांचे इंजिन बसवले आणि ती 42 दिवसांत मेलबर्नला पोहोचली.

'ओब्रायन' मात्र 1943 ची आहे. तोवर टर्बाइनचे, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणाऱ्या यंत्राचे, युग आलेले होते. पण टर्बाइन आणि त्यांचे गिअर युद्धनौकांनाच पुरत नव्हते. म्हणून युद्धकाळात एकाच नमुन्यावर भराभर बांधलेल्या 'लिबर्टी' नावाच्या मालवाहू जहाजांसाठी हे जुने, कुठल्याही चांगल्या यंत्रशाळेत घडवता येईल असे इंजिन मुद्दाम निवडले गेले. अशी 2,710 जहाजे बांधली गेली. 2,500 अश्वशक्ती, मिनिटाला 76 फेरे, ताशी 11 सागरी मैल. 1944 मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरले तेव्हा 'ओब्रायन' त्या किनाऱ्याकडे 11 खेपा करून आले, आणि 1994 मध्ये त्या स्वारीच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी स्वतःच्या वाफेवर पुन्हा तिथे गेले. जुनी विद्या हाताशी होती म्हणून त्या काळी निभावले, असे माझे ठाम मत आहे.

इंजिनाच्या पायथ्याशी एक वृद्ध स्वयंसेवक तेलाचा डबा घेऊन उभे होते. ते वाकले आणि फिरत्या क्रँककडे त्यांनी पंजा नेला. क्रँक खाली आला की हाताची मागची बाजू बेअरिंगला, म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो त्या कड्याला, हलकेच लागत होती, क्रँक वर जायच्या आत हात बाहेर येत होता. असे चार-पाच फेरे झाले. यंत्राच्या लयीत त्यांचा श्वासही मिसळला असावा, इतके ते सहज होते. बेअरिंग तापते आहे का, हे ते पाहत होते. मी कारखान्यात पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवून हेच करत असे, पण ते बेअरिंग जागचे हलत नसे. मी त्यांना तसे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "तुमचा हात अजून ओळखतो का?" मी हो म्हणालो. त्यांनी मला जवळ उभे केले, क्रँकजवळ मात्र जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच होते.

माणसे येत होती, दोन मिनिटे चित्रण करून वर जात होती. याचे मला मनापासून वाईट वाटले. त्या हाताकडे पाहायला निदान दहा फेरे तरी थांबायला हवे होते. मुलगी दोनदा बोलावायला आली, तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता मलाही कळायला लागलंय."

चार वाजता वाफ बंद केली. निर्वाताचा काटा सावकाश उतरू लागला, मोठा दट्ट्या एकदा अर्ध्यावर आला आणि थांबला. त्या वृद्ध गृहस्थांनी कापसाच्या बोळ्याने आधी क्रँकच्या कडेचे तेल पुसले, आणि मग आपले हात.