प्रशासकीय कारणास्तव

मॅडम सकाळी साडेनऊलाच दाराशी उभ्या होत्या. रात्रीच्या एसटीने आलेल्या. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला प्रबंधाच्या चार प्रकरणांचा गठ्ठा आणि आमच्या आवक शिक्क्याची पोच. "सर, उद्या माझी सहा वर्षं पूर्ण होतायत. मुदतवाढीचा अर्ज देऊन चार महिने झाले, काहीच कळलं नाही."

मी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात कक्ष अधिकारी आहे. त्या गुरुवारी त्यांचं काम झालं. तरीही तो दिवस मला अजून सोडत नाही.

त्यांचा विषय होता ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण. दिवाळीच्या सुमाराला गाव कारखान्यांकडे निघतं ते उन्हाळ्यातच परततं. म्हणजे गावातलं सर्वेक्षण वर्षातले जेमतेम सहा महिने, तेही तालुक्याच्या कॉलेजातले तास सांभाळून. नोंदणी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांखालची. त्यात कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि महिलांना आणखी २ वर्षं देता येतात. पण आदेश मुदतीच्या आत निघाला पाहिजे. तारीख उलटली की आमची संगणक प्रणाली नोंदणी रद्द दाखवते, आणि मग ती जिवंत करायला दोन समित्या लागतात.

फाइल सापडली 'त्रुटी'च्या रॅकमध्ये. त्यांचे गाइड निवृत्त झाले होते, नव्या गाइडचं संमतीपत्र जोडलेलं होतं. पण या नव्या गाइडकडे जागा रिकामी असल्याचं प्रमाणपत्र नव्हतं. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यासाठी हे प्रमाणपत्र. खरं तर कोणत्या गाइडकडे किती जण आहेत याचं रजिस्टर आमच्याच कपाटात असतं. आमच्याकडे असलेली माहिती आम्ही संशोधकाला कॉलेजातून शिक्का मारून आणायला लावतो. हे बंद करा, असं मी तीन वेळा लेखी दिलंय.

काय राहिलंय हे अर्जदाराला कळवणारं त्रुटीचं पत्र तयार होतं, फाइलला लावलेलं होतं. खाली माझी सही. जावक क्रमांकाची जागा कोरी. पत्र गेलंच नव्हतं. विभागात मंजूर पदं पाच, माणसं दोन, आणि जावक बघणारा मुलगा त्या महिन्यात परीक्षेच्या कामाला दिलेला. हे सगळं खरं असलं तरी सही माझी होती, आणि पत्र गेलं की नाही हे मी पाहिलं नव्हतं.

रजिस्टर काढून मोजलं. नव्या गाइडकडे सहापैकी चार जागा भरलेल्या. पाच मिनिटांचं काम.

आता सही कोणाची घ्यायची? एरवी ही फाइल अधिष्ठात्यांकडून प्र-कुलगुरूंकडे आणि मग कुलगुरूंकडे जाते. पण कुलगुरूंची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात प्र-कुलगुरू आणि चारही विद्याशाखांचे अधिष्ठाते यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली आहे. एक माणूस गेला की त्याच संध्याकाळी सहा खुर्च्या रिकाम्या होतात. नवा कुलगुरू आपली माणसं घेऊन येईल, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण कुलगुरूंची पाच वर्षं कधी संपणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं, मग शोध समितीला उशीर का व्हावा? २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे ही दोन्ही विद्यापीठं प्रभारी कुलगुरूंवर चालली, आणि दोन्हीकडे पूर्णवेळ कुलगुरू आले ते जून २०२३ मध्ये. अशा काळात इमारती बांधायच्या थांबत नाहीत. थांबतात ती असली कामं.

आमच्याकडचे प्रभारी कुलगुरू दुसऱ्या विद्यापीठातून दर गुरुवारी येत. वाट एकच होती, त्याच अधिनियमातलं कलम १२ (७). तातडीची बाब असेल तर समितीची वाट न बघता कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात, पण तातडी का वाटली हे नंतर त्या समितीला लेखी कळवावं लागतं. म्हणजे टिपणीत कारण हवं. मी लिहिलं, 'त्रुटीपत्र या विभागाकडून पाठविले न गेल्याने विलंब झाला.' उपकुलसचिवांनी ते वाचलं, पेनाने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'प्रशासकीय कारणास्तव विलंब झाला.' म्हणाले, "स्वतःहून लिहून देऊ नये. उद्या माहिती अधिकारात कोणी मागितलं म्हणजे?" माणूस वाईट नाही. विभागाला सांभाळायचं म्हणजे हेच, असं ते शिकत आले. मी टिपणी पुन्हा टाइप केली.

कुलगुरूंच्या दालनात आमचा नंबर पाच वाजता लागला. त्यांनी टिपणी सावकाश वाचली. "यात तातडी कुठली? अर्ज तर चार महिन्यांपूर्वीचा आहे."

"सर, मुदत उद्या संपते."

त्यांचं बोट 'प्रशासकीय कारणास्तव'वर येऊन थांबलं. "म्हणजे काय झालं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत उपकुलसचिव बोलले, "पद रिक्त होतं ना, सर." चार महिन्यांतले तीन आठवडे पद रिक्त होतं. कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला वेळ होता. मी गप्प राहिलो. त्यांनी सही केली.

मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. आदेशाची प्रत हातात दिली तर त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी न घालता गठ्ठ्याच्या मधोमध ठेवली. मग विचारलं, "सर, माझ्या कागदांत काही राहिलं होतं का?"

"एक प्रमाणपत्र नव्हतं," मी म्हणालो.

"सॉरी सर. माझ्यामुळे तुमची दिवसभर धावपळ झाली."

मी "असू द्या" म्हणालो. असू द्या! सहा वर्षं उसाच्या फडांपर्यंत जाऊन मुली मोजणारी बाई आमच्या चुकीसाठी माझी माफी मागत होती आणि मी ती मोठ्या मनाने देऊन टाकली.

त्या संध्याकाळी ते रॅक रिकामं केलं. आणखी ११ फाइली निघाल्या, सगळ्यांची त्रुटीपत्रं जागच्या जागी. नऊ जणांना फोन करून दुसऱ्या दिवशी पत्रं पाठवली. उरलेल्या दोघांची मुदत कधीच टळून गेली होती. त्यातला एक जण फोनवर म्हणाला, "उत्तर आलं नाही, मला वाटलं नामंजूर झालं. मी सोडून दिलं, सर." हे दोघं विद्यापीठात आले नाहीत, दाराशी उभे राहिले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणाला तातडी वाटली नाही.

त्या दोघांच्या नोंदणीची टिपणी आज लिहिली. कारणाच्या परिच्छेदात पहिलं वाक्य आहे, 'त्रुटीपत्र माझ्या स्वाक्षरीनंतर या विभागाकडून पाठविले गेले नाही.' फाइल सकाळी उपकुलसचिवांच्या टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी रेघ मारली तर या वेळी मी पुन्हा टाइप करणार नाही.