ड्यून पार्ट टू: टाळ्या पडल्या तिथेच खरा पिक्चर आहे

२०२४ च्या १ मार्चला ड्यून या सायफाय पिक्चरचा दुसरा भाग आला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीत जे जे म्हणून सायफायवाले आहेत त्या सगळ्यांचं डोकं त्यातल्या अराकिस ग्रहाच्या वाळवंटात अडकलंय. रात्री उशिरापर्यंत मेसेज, एक जण शो संपल्या संपल्या गाडीत बसून पाच मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतोय, दुसरा त्यावर लगेच नाही नाही तू चुकतोयस म्हणून दहा मिनिटांची पाठवतोय, असं चाललंय. आणि का नाही चालणार, पहिला भाग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आला होता, हा खरं तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये येणार होता, हॉलिवूडमधल्या संपामुळे पुढे ढकलला, म्हणजे अर्धी गोष्ट बघून लोक दोन वर्षांच्या वर ताटकळत बसले होते. पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, फ्रँक हर्बर्टच्या ज्या पुस्तकावर तो बेतलाय त्याचे पण आहेत, तेव्हा बघितला नसेल तर इथूनच परत फिरा आणि आधी मोठ्या पडद्यावर बघून या.

ज्यावर कुणाचंच भांडण नाही ते आधी सांगून टाकते. वर्मवर, म्हणजे वाळूखाली राहणाऱ्या अजस्र अळीवर, स्वार व्हायचा सीन. हिरो पॉल वाळूत थंपर, म्हणजे ठोके देऊन वर्मला बोलावणारं यंत्र, रोवतो, त्याचं ते धप धप सुरू होतं, मग लांबवर वाळूचा एक अख्खा डोंगर सरकत येताना दिसतो आणि आपल्याला वाटतं की आता हा कडेला पळत जाऊन उडी मारणार, पण तसं होत नाही, तो ज्या टेकडीवर उभा असतो ती टेकडीच पायाखालून खचते आणि हा वाळूच्या लोंढ्याबरोबर थेट वर्मच्या पाठीवर जाऊन आदळतो. पुढचे काही क्षण धड काहीच दिसत नाही, नुसती धूळ, फडफडणारे कपडे, हुक रुतवायची धडपड आणि खुर्चीतून पाठीपर्यंत पोचणारी ती घरघर. आमच्या थिएटरमध्ये त्या वेळी खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता आणि तो उभा राहिल्यावर एकदम जो गलका झाला ना, अंगावर काटा आला. पुस्तकात या हुकचं लॉजिक मस्त दिलंय, वर्मच्या अंगावरचं कडं हुकने उचलून धरलं की आतली नाजूक कातडी उघडी पडते, तिच्यात वाळू जाऊ नये म्हणून वर्म ती बाजू वर ठेवतो आणि म्हणून तो जमिनीखाली जात नाही. पिक्चरमध्ये यावर लेक्चर नाहीये, हुक ओढला की कडं उचललं जाताना दिसतं, बस, ज्याला कळायचं त्याला कळतं. दिग्दर्शक व्हिलनव्हची हीच गोष्ट मला फार आवडते, प्रेक्षकावर विश्वास टाकतो तो.

आणि गिडी प्राइम, पॉलच्या शत्रूंचा, म्हणजे हार्कोनेनांचा ग्रह! तो काळा सूर्य आणि त्याच्या उजेडात सगळे रंग गायब. माझ्या मैत्रिणीला वाटलं की नंतर एडिटिंगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केलंय, पण तसं नाहीये, कॅमेरामन ग्रेग फ्रेझरने हा भाग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शूट केलाय, म्हणून त्यांची कातडी अशी मेणासारखी, आतून उजळल्यासारखी दिसते आणि डोळे काळेभोर, निर्जीव वाटतात. इन्फ्रारेडमध्ये आपल्या डोळ्यांना काळे दिसणारे काही कपडे चक्क पांढरे येतात, त्यामुळे कॉस्च्युमवाल्यांना प्रत्येक कापड आधी त्या कॅमेऱ्यासमोर धरून बघावं लागत असणार. आत खोल्यांमध्ये रंग आहेत आणि बाहेर सूर्याखाली आलं की रंग जातात, हा नियम एकदा लक्षात आला की तो ग्रहच खरा वाटायला लागतो. ऑस्टिन बटलरचा फेड राउथा, म्हणजे बॅरन हार्कोनेनचा पुतण्या, त्या रिंगणात उतरतो तेव्हा आकाशात फटाके फुटतात ते पण शाईचे डाग पडल्यासारखे. सायफाय म्हणजे मला हेच पाहिजे असतं, कुणीतरी बसून विचार केलाय की सूर्य वेगळा असेल तर उजेड वेगळा, उजेड वेगळा तर माणसं वेगळी दिसणार.

बरं, आता भांडणाकडे येते.

अराकिसच्या दक्षिणेत फ्रेमेनांच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या लोकांच्या, त्या मोठ्या सभेत पॉल भाषण करतो, तिथे आमच्या थिएटरमध्ये जोरदार टाळ्या पडल्या, शिट्ट्या पण. शो सुटल्यावर बाहेर उभं राहून जी चर्चा झाली त्यात निम्मे लोक भारावून गेले होते, काय तो आवाज, काय ती एंट्री, हिरो असावा तर असा. आणि उरलेले निम्मे, ज्यात मी पण आहे, म्हणत होते की अरे थांबा, तुम्ही कशावर टाळ्या वाजवताय? हा माणूस आत्ताच भविष्य बघून आलाय, त्याला माहितीये की या वाटेने गेलं तर त्याच्या नावाने कोट्यवधी लोक मरणार आहेत, म्हणून तर तो अर्धा पिक्चर दक्षिणेला जायला नकार देत होता, आणि तोच आता समोरच्या माणसाला त्याच्या मेलेल्या आजीबद्दलची गोष्ट सांगून थक्क करतोय आणि अख्ख्या सभेला गुडघ्यावर आणतोय. हा विजयाचा क्षण नाहीये, इथून गाडी घसरते.

पण मी जसजसा विचार करत गेले तसं मला वाटायला लागलं की टाळ्या वाजवणाऱ्यांचं चुकलं असं म्हणून सोडून देण्यात काही मजा नाही. पिक्चरला त्या टाळ्या हव्याच आहेत. कॅमेरा, झिमरचं संगीत, गर्दीचा तो गजर, सगळं तुम्हाला ओढून नेण्यासाठीच रचलंय. त्या अंधारात टाळी वाजवणारा माणूस तेच करत असतो जे पडद्यावर फ्रेमेन करत असतात, आणि हे अनुभवल्याशिवाय ही गोष्ट पोचतच नाही. माझ्यासाठी या पिक्चरचं सगळ्यात मोठं यश हे आहे.

यासाठी स्टिलगारकडे, फ्रेमेनांच्या एका टोळीप्रमुखाकडे बघा. हाविएर बार्डेमने काय काम केलंय! पहिल्या तासात त्याच्या प्रत्येक वाक्याला थिएटर हसतं. पॉल म्हणतो मी महदी, म्हणजे भविष्यवाणीतला तारणहार, नाही, तर हा म्हणतो बघा किती नम्र आहे, म्हणजे नक्की महदीच. लोक खो खो हसले, मी पण हसले, आणि हसावं असंच आहे ते. आता पुढे चला, त्याच सभेत. फक्त टोळीप्रमुखच बोलू शकतो हा नियम आहे, पॉल प्रमुख नाही, तर स्टिलगार त्याला म्हणतो की मला मार, माझी जागा घे. तो हे अगदी मनापासून म्हणतोय, त्याची तयारी आहे. माणूस तोच आहे, श्रद्धा तीच आहे, तासाभरापूर्वी ज्यावर आपण हसत होतो तीच, आणि आता कुणालाही हसू येत नाही. शेवटी पॉल सांगतो की यांना स्वर्गात घेऊन जा आणि स्टिलगार जहाजांकडे जायला निघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो बघून मला पोटात कसंतरीच झालं. इतक्या हळूहळू हे पात्र सरकत गेलंय की नेमकं कुठे हसू थांबलं ते मला दुसऱ्यांदा बघतानाही धड पकडता आलं नाही.

पॉलची फ्रेमेन प्रेयसी चानी, तिच्यावरून तर आमच्यात तट पडलेत. पुस्तक वाचलेले जुने लोक चिडलेत आणि त्यांचा राग मला कळतो. पुस्तकातली चानी पॉलवर विश्वास ठेवणारी आहे, सम्राटाची मुलगी इरुलान हिच्याशी पॉलचं लग्न हा राजकीय सौदा आहे हे मान्य करून त्याच्याबरोबर राहणारी. झेंडायाची चानी पहिल्यापासून म्हणतेय की ही भविष्यवाणी वगैरे आम्हाला बांधून ठेवायला बाहेरच्यांनी पेरलेली आहे, आणि शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी उभी राहते, निघून जाते, वर्म बोलावते. उत्तरेतले फ्रेमेन शंका घेणारे आणि दक्षिणेतले कट्टर, ही विभागणी पण पिक्चरने स्वतःची आणलीये. जीवनजलाचा, म्हणजे भविष्य दाखवणाऱ्या विषारी पेयाचा सीन घ्या, पुस्तकात चानी आपल्या हुशारीने ओळखते की पॉलने काय प्यायलंय आणि त्याला शुद्धीवर आणते, इथे पॉलची आई जेसिका तिच्यावर व्हॉइस, म्हणजे समोरच्याला हुकूम पाळायला लावणारा आवाज, वापरून, जबरदस्तीने, तिच्या अश्रूने त्याला उठवायला लावते. शुद्धीवर आल्यावर ती त्याच्या कानाखाली वाजवते, आणि तिथे पण थिएटरमध्ये टाळ्या! माझा एक मित्र म्हणतो हे फार आजकालचं झालं, फ्रँक हर्बर्टची चानी अशी नव्हती. मान्य, नव्हती. पण हर्बर्टला जे सांगायचं होतं ते पुस्तकात पॉलच्या मनातल्या विचारांमधून येतं, पानंच्या पानं तो स्वतःशीच झगडतोय, आता ते पडद्यावर कसं आणणार? दोनच वाटा, एक तर सतत मागून आवाज लावा नाहीतर ती शंका दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर ठेवा. व्हिलनव्हने ती चानीच्या चेहऱ्यावर ठेवली. माझ्या मते तरी या दोन भागांमधला हा सगळ्यात शहाणा बदल आहे.

आणि हे भांडण नवीन नाहीच मुळी, मला तर याचीच सगळ्यात जास्त मजा वाटते. ड्यून ही कादंबरी आधी अ‍ॅनालॉग मासिकात हप्त्याहप्त्याने आली, १९६३ च्या डिसेंबरपासून १९६५ पर्यंत, मग पुस्तकासाठी हर्बर्टला वीसेक प्रकाशकांनी नकार दिला आणि शेवटी १९६५ मध्ये छापली कुणी, तर गाड्या दुरुस्तीची मॅन्युअल्स काढणाऱ्या चिल्टन कंपनीने. सायफायमधली मोठी पारितोषिकं, ह्युगो आणि पहिलंवहिलं नेब्युला, मिळाली. वाचकांनी पॉलला डोक्यावर घेतलं, आणि हर्बर्ट तर सांगत होता की करिश्मा असलेल्या नेत्यांपासून जपून राहा. मग त्याने ड्यून मसाया लिहिली, ज्यात पॉलच्या विजयाचं पुढे काय झालं ते आहे, आणि ती त्याच अ‍ॅनालॉगच्या संपादकाने, जॉन कॅम्पबेलने, नाकारली, कारण त्याला आपला हिरो असा खचलेला बघायचा नव्हता. शेवटी १९६९ मध्ये ती गॅलेक्सी मासिकात आली. म्हणजे ज्या माणसाने पहिली गोष्ट छापली त्यालाच हिरो हवा होता! थिएटरबाहेर त्या रात्री जे दोन गट उभे होते ते साठच्या दशकात पण होतेच, आणि त्यातल्या एका गटात संपादक स्वतः होता.

माझ्या तक्रारी नाहीत असं नाही. पॉलच्या वडिलांचा सल्लागार थुफिर हावात कुठे गेला? पहिल्या भागात एवढा छान उभा केलेला माणूस, पुस्तकात तो हार्कोनेनांच्या हाती लागतो, त्याच्या मनात जेसिकाबद्दल विष कालवलं जातं, त्याचा शेवट इतका चटका लावणारा आहे, आणि इथे त्याचं नावसुद्धा नाही. अंतराळ प्रवास चालवणारी स्पेसिंग गिल्डही जवळपास गायब, त्यामुळे स्पाइस, म्हणजे फक्त अराकिसवर मिळणारा मसाला, नष्ट करायची पॉलची धमकी तेवढी टोचत नाही, कारण स्पाइसशिवाय ताऱ्यांमधला प्रवासच बंद पडतो ही गोष्ट दुसऱ्या भागात कुणी ठासून सांगत नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यापैकी दोघांनी मला विचारलं की ग्रहांवर राज्य करणारी एवढी घराणी एकदम दचकली का, यातच सगळं आलं. आणि शेवटची लढाई फारच झटपट आटपली असं मला वाटलं, इतकी तयारी, इतके वर्म, आणि बघता बघता खेळ खलास.

पॉलची धाकटी बहीण आलिया, तिच्याबद्दल मात्र मी पिक्चरच्या बाजूने आहे. पुस्तकात मध्ये काही वर्षं जातात, आलिया जन्मते आणि मोठ्या माणसासारखी बोलणारी ती चिमुरडी पोरगी स्वतः बॅरनला मारते. पिक्चरने सगळा काळ नऊ महिन्यांच्या आत कोंबलाय, आलिया पोटातच राहते आणि जेसिका तिच्याशी बोलत असते, गर्भाचे ते शॉट्स अधूनमधून येतात. काहींना ते विचित्र वाटलं, आमच्या शेजारच्या रांगेतला एक जण तर प्रत्येक वेळी ई करत होता. पण रिबेका फर्ग्युसन ज्या पद्धतीने पोटावर हात ठेवून, कुणाकडेही न बघता, अर्ध्या आवाजात कट शिजवत बसते, ते बघून मला जेसिकाची पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि बोलकी लहान पोरगी पडद्यावर आणली असती तर नक्की हसू झालं असतं.

व्हिलनव्हला मसायावर तिसरा भाग करायचाय आणि तिथेच थांबायचंय असं तो सांगत आलाय, तर आमच्यात आत्तापासून त्यावर डोकेफोड सुरू आहे. मोठी झालेली आलिया आन्या टेलर जॉय करणार हे ती या भागात दिसते त्या एका छोट्याशा दृश्यावरून जवळजवळ नक्कीच वाटतंय. इरुलानला, म्हणजे फ्लोरेन्स प्यूला, तिथे भरपूर काम आहे, मसायामध्ये ती कटातच सामील असते. पण चानीचं काय करणार? मसायामध्ये चानी पॉलच्या शेजारी आहे, त्याच्या मुलांची आई होणार आहे, अख्खं पुस्तक त्या दोघांच्या नात्यावर उभं आहे, आणि इथे तर ती त्याला सोडून वाळवंटात निघून गेलीये. तिला परत आणायचं तर कारण द्यावं लागेल, आणि ते कारण फक्त प्रेम असून चालणार नाही, कारण तिने जे बघितलंय ते बघून नुसत्या प्रेमापोटी ती परत आली तर दुसऱ्या भागातली तिची सगळी ताकद गेली. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं आहे की ती पॉलच्या विरोधातल्या फ्रेमेनांकडे जाईल आणि तिथून गोष्ट फिरेल, मसायामध्ये पॉलवर नाराज झालेले फ्रेमेन आहेतच, म्हणजे जागा आहे. मला हे पटतंय, पण मग मुलांचं कसं बसवणार यावर आमचं काल रात्रीपर्यंत एकमत झालेलं नाही.