पॉप-अपचं दुखणं हातात निघालं

मंडळी, सर्फिंगच्या फळीवर उभा राहिलो! व्हाइट वॉटरमध्येच, म्हणजे फुटलेल्या लाटेच्या फेसात; न फुटलेल्या हिरव्या लाटेचं नाव आत्ता काढू नका. पण दोन्ही पायांवर, मागचा गुडघा न टेकता, फळीखालची फिन वाळूला घासेपर्यंत.

नेरुळच्या हॉलमध्ये योगा मॅटवर पॉप-अप (पालथ्यावरून उभं राहणं) झकास आणि पाण्यात गेलो की गुडघा फळीवर, हे माझं रडगाणं तुम्हाला पाठ आहे. ग्रुप लेसनमध्ये त्याचा उलगडा होईना, कारण चौघांत एक शिकवणारा. तो ढकलून देतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो. म्हणून या खेपेला कोकणकन्येने पेडण्याला उतरलो आणि गोव्यात आश्व्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा प्रायव्हेट लेसन घेतला. पैसे जास्त गेले, पण माझं मत पक्कं झालंय: अडलेल्या माणसाने ग्रुपच्या नादी लागू नये.

सकाळी लवकरची वेळ मागून घेतली. तेव्हा वारा जमिनीकडून वाहतो, लाट नीट उभी राहते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की सगळा खळबळाट. फळी नऊ फुटी सॉफ्ट टॉप, म्हणजे वरून मऊ. (आठ फुटीचा हट्ट धरणाऱ्यांनो, आधी उभे राहा, मग फुटांचं बोलू.)

आता मुद्द्याचं. आजवर मी आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी सगळा दोष पायांवर ढकलला होता. हिप फ्लेक्सर आखडलेत, पोट सुटलंय, स्क्वॉट्स कमी पडतात, वगैरे. शिकवणारा मुलगा सिंधुदुर्गातला. त्याने काही लाटांवर मला नुसतं बाजूने पाहिलं आणि म्हणाला, "दादा, फळीक पकडू नका, दाबा."

मी रेल्स, म्हणजे फळीच्या कडा, धरत होतो. मॅटला कडाच नसतात, त्यामुळे घरी तळवे आपोआप जमिनीवर सपाट पडायचे. पाण्यात फळी डुगडुगली की बोटं जाऊन कडा आवळतात. मग कोपरं बाहेर फाकतात, छाती पुरेशी उचलली जात नाही आणि पुढचा पाय आत यायला जागाच उरत नाही. त्यात एका हाताचा जोर जास्त पडला की फळी त्या बाजूला कलते आणि तोल सांभाळायला गुडघा खाली येतो. म्हणजे पाय बिचारा सावरायला धावत होता.

उपाय असा: तळवे खालच्या बरगड्यांशेजारी, फळीवर सपाट, कोपरं अंगालगत. उडी मारायची नाही. आधी मागचा पाय आडवा टेकवायचा, मग पुढचा हातांच्या मधून आत. नजर किनाऱ्यावरच्या माडांवर. आणि फळी स्वतःहून घसरायला लागली असं वाटल्यावरही वल्हवण्याचे दोन हात जादा मारायचे, मगच उठायचं. हे दोन हात मला सगळ्यात जड गेले, कारण घाई सुटत नाही.

ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला रॅश गार्ड (सर्फिंगचा घट्ट टी-शर्ट) पोटावर सरकून गोळा झाला, पोट सोलून निघालं. कमरेला नाडी असलेलाच घ्या.

घरच्या सरावासाठी सर्फस्केट (सर्फिंगसारखी वळणं घेणारा स्केटबोर्ड) घ्यायचा बेत होता. ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या पायात तो घालायचा कसा, हा प्रश्न होताच. पण हे लिहिताना वाटतंय की सर्फस्केटने वळणं शिकता येतील, हातांची खोड जाणार नाही. खोड मोडायला कलणारी फळी हवी. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून अर्धी फुगवायची, वर प्लायची फळी. कड धरली की लगेच कलंडेल, तळवा सपाट पडला तर टिकेल. स्विमिंग पूलवाले फळी आत नेऊ देत नाहीत आणि आपल्या खाडीत लाट नाही. मुंबई बेट आडवं पडल्यामुळे उघड्या समुद्राचा स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) वाशीपर्यंत पोचतच नाही. तेव्हा ट्यूबच.

सर्फस्केटचे पैसे पुढच्या प्रायव्हेट लेसनला. पावसाळ्यात आपल्यासारख्या शिकाऊंना समुद्रात उतरायची सोय नाही, त्यामुळे ते त्याआधीच उरकायला हवं. कोणी येणार असेल तर पनवेलला भेटू.

ट्यूबलेसच्या जमान्यात कारची ट्यूब कुठे मिळते, की सरळ ट्रकचीच आणू? ज्यांनी असलं काही घरी केलंय त्यांनी सांगा, प्लाय अजून कापलेला नाही.