काचेपलीकडची करवंदं

मे महिन्यात एसी डब्याने नाशिकला जाऊ नये. उकाड्याने जीव जातो हे कबूल, पण त्या न उघडणाऱ्या काचेपायी यंदा माझी कसाऱ्याची करवंदं हुकली.

आमचं आजोळ नाशिकचं. लहानपणी मुंबईहून निघालो की मी कसाऱ्याचीच वाट बघायचो. पुढे थळ घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून बँकर इंजिनं जोडतात. त्यांचा धक्का बसेपर्यंतचा वेळ आमचा. ठाकर बायका पाट्या घेऊन "डोंगरची काळी मैनाऽऽ" करत खिडकीशी यायच्या, पळसाच्या पानांचा द्रोण गजांमधून आत. आई "धुतल्याशिवाय खायची नाहीत" म्हणेपर्यंत अर्धा द्रोण फस्त! उरलेल्यांवर ताईशी 'कोंबडा की कोंबडी'. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने आपल्यातलं एक द्यायचं. मी हरलो की माझी नेमकी संपलेली असायची.

यंदा कसाऱ्याला एक बाई थेट माझ्या काचेसमोर थांबली. मी काचेवर टकटक केली, दोन बोटं दाखवली. तिने दोन वाटे काढलेही. मग दोघंही काचेकडे बघत राहिलो. दाराकडे धावलो, तर वाटेत कुणाच्या तरी तीन बॅगा आडव्या. त्या ओलांडतोय तोवर मागून धक्का बसला. गाडी हलली तेव्हा बाई हसत होती; मला मात्र रडू यायचं बाकी होतं. वर डब्यात एकजण थंडगार 'मिक्स फ्रूट' विकायला आला.

इगतपुरीला बँकर सुटतात. आधीच दारात जाऊन उभा राहिलो. फलाटावर एकच पाटी होती.

"कितीला, मावशी?"

"वीसला गिलास."

"द्रोण नाही?"

"पानं कोन आनतंय आता, दादा?"

तीन ग्लास घेतले. धुतली नाहीत. एक-दोन कच्ची होती, त्यांच्या चिकाने ओठ चिकटले. शेजारच्या लॅपटॉपवाल्या गृहस्थांपुढे एक धरून विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" मान वर न करता ते म्हणाले, "कोंबडा." कोंबडी निघाली. त्यांनी लॅपटॉप मिटला.

नाशिक रोड येईपर्यंत दीड ग्लास उरला होता. ताईला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर: "आधी माझी राहिलेली दे."