आदोळीवर बसून ड्रॉइंग

कॉमर्सला होते, क्रेडिट कमी पडत होते आणि यादीत बेसिक ड्रॉइंगचा स्टुडिओ कोर्स दिसला म्हणून घेतला, एवढंच. लेखी परीक्षा नाही, फक्त सबमिशन, त्यामुळे आरामच आराम असं आम्हा निम्म्या वर्गाला वाटलेलं. पहिल्या दिवशी आत गेले तर खुर्च्याच नाहीत. लाकडाची बुटकी बाकं, त्यांना डाँकी म्हणतात, त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि पुढच्या उभ्या फळीला बोर्ड टेकवायचा. बसले आणि मला हसूच फुटलं, कारण ही तर आमची आदोळी, नारळ खवायची विळी! फोंड्याला घरी आई नारळ कातायला बसते अगदी तशीच बैठक, पात्याच्या जागी फक्त पेपर.

सरांनी आल्या आल्या सगळ्यांचे खोडरबर एका डब्यात जमा करून घेतले. चुकली रेघ तर राहू दे, बाजूला बरोबर काढ. का, तर पुसलीस की हात परत तिथेच तीच चूक करतो, चुकलेली रेघ समोर दिसत असली तर निदान तिच्यापासून लांब जातो. हे मला तेव्हा निव्वळ छळ वाटलं, आणि त्यात जुलै महिना, दमट हवेने कार्ट्रिज पेपर पापडासारखा मऊ पडलेला, सिक्सबी पेन्सिल नुसती टेकवली तरी काळं फासलं जायचं. पहिला आठवडा तर कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता स्वतःचा डावा हात काढायचा. माझा हात वाळक्या कुर्लीसारखा आला. पण गंमत म्हणजे अंगठ्याच्या बुडाजवळच्या सुरकुत्या बरोब्बर आलेल्या, आणि त्या तिथे आहेत हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं.

मग बालदी. (हा शब्द पोर्तुगीज 'बाल्द'वरून आलाय, पण बालदी काढता येण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.) बालदी टेबलावर, टेबल सपाट, म्हणून आम्ही झाडून सगळ्यांनी तिचा तळ सरळ रेघेने काढला. वरचं तोंड मात्र छान लंबगोल. सर म्हणाले, वरून बघताय ना, मग नजरेपासून तळ जास्त लांब आहे की तोंड? तळ नजरेच्या जास्त खाली असतो, म्हणून त्याची कड तोंडापेक्षाही जास्त गोल दिसते. मी तीनदा मान वाकडी करून बघितलं आणि खरंच तसंच होतं! म्हणजे इतका वेळ मी बालदी बघतच नव्हते, बालदीबद्दल मला जे माहीत होतं तेच काढत होते, आणि ते माहीत असणंच आडवं येत होतं.

माप घ्यायचं तर हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी, अंगठ्याने खूण. कोपर जरा वाकलं की माप बदललं. बारा-पंधरा जण एका बालदीवर एकदम असे नेम धरून बसलेत हे दृश्य ज्याने बाहेरून पाहिलं असेल त्याला आमच्याबद्दल काय वाटलं असेल देव जाणे.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांब जाणाऱ्या गोष्टी कागदावर लहान कशा होत जातात ते, मात्र मला वर्गात कधीच कळलं नाही. कळलं ते बसमध्ये. रायबंदरहून पणजीला येणारा तो लांबलचक सरळ रस्ता, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, तीनेक किलोमीटरचा, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली की खांब एकामागून एक बारीक होत एका ठिपक्यात जाताना दिसायचे. आणि मिरामारच्या किनाऱ्यावर तर अजून मजा. वाळूत उभं राहून बघा, आपल्याच उंचीची माणसं जवळ असोत की पार लांब, सगळ्यांचे डोळे समुद्राच्या रेघेवर येतात. आपण खाली बसलो की रेघ पण आपल्याबरोबर खाली बसते आणि तीच माणसं तिच्यावर डोकी काढून उभी. लहानपणी पणजीच्या कला अकादमीत नाटकाला गेल्यावर भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेल्या बाल्कन्या आणि त्यातले प्रेक्षक मला खरेच वाटायचे, बाबांना विचारलेलं, ते लोक टाळ्या का वाजवत नाहीत? फसवणूक कशी होते ते आता थोडंफार कळायला लागलं.

एक गोष्ट मात्र डोक्यावरून गेली, निगेटिव्ह स्पेस. वस्तू नको काढू, वस्तूच्या मधली रिकामी जागा काढ. खुर्चीच्या पायांमधली, बालदीच्या कडीखालची. मी वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले.

शेवटच्या सबमिशनला घरातली एक वस्तू आणायची होती, मी अर्थातच आदोळी काढली. दोन रविवार खपून. शेडिंग मस्त, लाकडाच्या शिरा, पात्याचे दाते एकेक. आईला दाखवलं. तिने आयुष्यात रांगोळीपलीकडे काही काढलेलं नाही. चष्मा लावून बघितलं, कागद थोडा लांब धरला आणि म्हणाली, "बरें जालां. पूण ताट खंय दवरूं गो?" छान झालंय, पण ताट कुठे ठेवू गं?

मी परत बघितलं. पात्याच्या खाली, जमिनीपर्यंत, मी जेमतेम दोन बोटं जागा सोडली होती. तिथे ताट काय, बशीसुद्धा सरकली नसती, चव, म्हणजे खवलेलं खोबरं, पडणार कुठे?

मग आदोळी समोर ठेवून, हात ताठ करून, या वेळी पातं सोडून फक्त ताटाची जागा मोजली आणि पातं वर घेऊन परत काढलं. रबर नव्हताच. सबमिशनला तसंच दिलं, एका आदोळीला दोन पाती.